तीनशे चार नंबरचे मामा

कुणाच्याही घरी पाणी दिलं की मामा आधी खिशातून लोहचुंबक काढून पेल्याला लावायचे. चिकटलं, तर पेल्यात काही पडलंय की काय असं घरच्यांना वाटावं, असा चेहरा करायचे. नाही चिकटलं, तर दोन घोट घेऊन म्हणायचे, "तीनशे चार दिसतंय. बिलकुल काळजी न्हाई."

जालन्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं स्टीलच्या कामाचं दुकान होतं. जिन्याचे कठडे, दुधाच्या टाक्या, हॉटेलांची बेसिनं. तीनशे चार नंबरचं स्टील म्हणजे त्यांचा लाडका लेक. क्रोमियम आणि निकेल घालून केलेलं. दही ठेवा, चिंच ठेवा, गंज म्हणून नाही. मीठ तेवढं साठवू नका, ही त्याची एकच खोड ते आवाज खाली आणून सांगत. घरातलं भांडण सांगावं तसं.

मग मामी न्हाणीत घसरल्या आणि मांडीचं हाड मोडलं. आत सळई घालायची ठरली. त्या पुन्हा चालतील का, हे कुणी छातीठोक सांगेना. मामांनी डॉक्टरांना सांगून टाकलं, की सळई माझ्याकडून घ्या, दुकानात उत्तम तीनशे चार पडलंय, पॉलिश करून आणतो. डॉक्टर भला माणूस, हसले नाहीत. शरीरातलं पाणी खारट असतं, हे स्टील तिथं टिकायचं नाही, वेगळं लागतं, असं त्यांनी समजावलं. बाहेर आल्यावर मामा मला म्हणाले, "आपला माल तिच्या काही कामाचा न्हाई." त्यांचा इतका पडलेला चेहरा मी कधी पाहिला नव्हता. मला फार वाईट वाटलं.

मामी घरी येईस्तोवर या गृहस्थांनी पलंगापासून स्वयंपाकघर आणि तिथून न्हाणीपर्यंत भिंतीला तीनशे चारचा पाइप ठोकला होता. हे घर आहे का एस्टी, असं मामींनी विचारलंच. पुढं दिवसभर त्या घरातून एकच हाक यायची, "पाइप धर, पडशील." मामी कुरकुरत धरायच्या. बघता बघता चांगल्या चालायला लागल्या.

मामा मागच्या हिवाळ्यात झोपेतच गेले. परवा मामींना भेटायला गेलो, तर त्या भिंतीपासून लांब, खोलीच्या मधोमध चालत होत्या. मी घाबरून म्हटलं, मामी, पाइप धरा ना.

"रोज सोडूनच चालून पाह्यते," त्या म्हणाल्या. "हे ओरडतेत का म्हून."