मुठीतला बोंबील
शेजारी कुणी सुका बोंबील भाजला की मला वसईच्या तहसील कचेरीसमोरचं दुपारचं धरणं आठवतं. डोंगराकडच्या पाड्यातल्या आदिवासींची भातशेती एक बिल्डर घशात घालायला निघाला होता, म्हणून आम्ही तिथे रस्त्यावर बसलो होतो. सातिवलीच्या कारखान्याच्या गाळ्यात काम करणारा यूपीचा एक कामगारही येऊन बसला. त्याला पाहून आमच्यातलाच एक जण खवळला, "हे बाहेरचे इथे कशाला?" तशी पाड्यातली म्हातारी तरातरा उठली. "भाताच्या आवनीला सुट्टीच्या दिशी ह्यो चिखलात उतरलेला. तू कुठं व्हतास?" असं म्हणत तिने स्वतःची भाकरी मोडली आणि दोघांच्याही हातावर अर्धी-अर्धी ठेवली, वर एकेक भाजलेला बोंबील. दोघंही भाकरी खायला लागले. थोड्या वेळाने कामगार माझ्या कानाशी कुजबुजला, "दीदी, मैं मछली नहीं खाता. पर अम्मा ने दिया है, फेंकूँ कैसे?" तेवढ्यात घोषणा सुरू झाल्या. शेतं आजही पाड्याकडेच आहेत, पण मला डोळ्यांसमोर दिसते ती सगळ्यांत उंच गेलेली त्याची मूठ आणि तिच्यातून डोकावणारी बोंबलाची शेपटी.