दोघींपैकी एकीची सही

मी जन्मात मांसाचा तुकडा तोंडात घातलेला नाही, आणि तरी दोन वर्षं आमच्या गावातल्या कोंबडीवर माझी सही होती. हे ऐकून लोक हसतात. हसू देत. त्या सहीपायी एक बाळंतीण सलाईनवर गेली नसती, तर मीही हसले असते.

माहेर तापीकाठचं, गुजरांचं. अंडंसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलं नाही. नोकरी मात्र लागली गुजरातच्या सीमेलगत, महामार्गावरच्या एका बाजाराच्या गावी, विज्ञान शिकवायला. गावाभोवती पोल्ट्रीच्या लांबच लांब शेड. वारा कुठून येतोय ते पाहून वर्गाच्या खिडक्या लावायच्या. पुढे निवृत्त झाले तरी मी तिथेच राहिले.

जुनी माणसं सांगायची, पूर्वी बकरं कापलं की तपासनीस येऊन काळीज-फुप्फुस बघायचा आणि मांडीवर जांभळा शिक्का मारायचा. मगच माल विकायला. तो तपासनीस निवृत्त झाला, त्याच्या जागी कुणी आलं नाही, आणि शिक्का कुठल्या कपाटात वाळून गेला देव जाणे. तोवर गाव बकऱ्यावरून कोंबडीवर आलं होतं. कोंबडीला कुठे शिक्का मारणार?

शेडमध्ये रोज काही कोंबड्या आपोआप मरतात. धंद्यात त्याला मरतूक म्हणतात. ती खड्ड्यात टाकून वर चुना पसरायचा, असा नियम. आमच्याकडे सकाळी एक टेम्पो यायचा आणि खड्डा रिकामाच राहायचा. तो माल कुठे जातो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. रविवारी बाजार, आणि सोमवारी माझा निम्मा वर्ग पोट धरून घरी. म्हणून एकदा मी ग्रामसभेत उभी राहिले. एक दुकानदार म्हणाला, "बाई, तुम्ही वरणभातवाल्या. तुमले कोंबडीनं काय समजस?" सभा हसली. मला राग आला, पण तो खोटं काही बोलला नव्हता.

तेव्हा मागून एक बाई उठली. उपकेंद्रातून निवृत्त झालेली नर्स, डोंगराकडच्या गावची. अख्खं गाव तिला सिस्टर म्हणायचं, मीही. ती म्हणाली, "बाईले नही समजस, पण मले समजस." आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

तिथून आमची जोडी जमली. लेखणी माझी, नाक तिचं. दुकानात नेऊन तिने मला शिकवलं. पंख उचलायचा, काखेतला वास घ्यायचा. जिवंत कापलेल्या कोंबडीचं रक्त निघून जातं, मांस फिकट गुलाबी दिसतं. आपोआप मेलेलीचं रक्त आतच राहतं, मांस काळपट लाल पडतं, शिरा दिसतात. पहिल्या दिवशी मी दुकानामागे जाऊन ओकले. ती पाठ चोळत होती आणि हसत होती. पुढे मी लांबूनच बघायचे आणि ती सांगेल ते वहीत उतरवायचे. माझ्या घरी आली की न सांगता आधी लिंबू लावून हात धुवायची, मगच स्वयंपाकघरात पाऊल. सख्ख्या बहिणीनेही माझा एवढा मान ठेवला नाही.

अर्ज, स्मरणपत्रं, पुन्हा अर्ज. तळोद्याला आणि नंदुरबारला किती खेपा झाल्या, मोजल्या नाहीत. अखेर ग्रामपंचायतीने आम्हा दोघींची तपासणी समिती नेमली. रोज सकाळी कोंबडी तपासायची, मगच दुकानावर हिरवी चिठ्ठी लागणार. चिठ्ठीवर आम्हा दोघींपैकी एकीची सही असली की पुरे. पहिली चिठ्ठी लागली तेव्हा मी घरी लापशी केली. ती दोनदा मागून जेवली.

सही मीच करायचे. ती वास घेऊन सांगायची, "चांगलं शे बाई. करा सही." मी एकदा विचारलं, तुम्ही का नाही करत? तर म्हणाली, "तुमनी सही समदं गाव वळखस. मन्ही कोन वळखस?" आता सांगायला लाज वाटते, पण मला तेव्हा बरं वाटलं. अर्ध्या गावाच्या प्रगतिपुस्तकावर माझी सही झालेली. मी फुशारले आणि पेनाचं टोपण काढलं.

माझ्याकडे धुणीभांडी करणारी बाई मागच्या पावसाळ्यात दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती दारातच उभी राहिली. मुलगी बाळंतपणाला आलेली. तिला अंगात ताकद यावी म्हणून कोंबडीचा रस्सा केला. रस्सा खाऊन तिला उलट्या-जुलाब, सलाईन, आणि आता अंगावरचं दूध आटलं. बाळाला पावडरचं दूध चालू होतं. ती भांडायला आली नव्हती. नुसतं एवढंच म्हणाली, "तुमनी सही दखी म्हनीसन लिधं, बाई." माझी सही पाहूनच तिने ती कोंबडी घेतली होती.

दुसऱ्या दिवशी मी सिस्टरच्या आधी दुकानात गेले. नाकाला पदर लावला नाही. पंख उचलला. एवढी वर्षं ऐकून ऐकून पाठ झालेलं सगळं समोर होतं. काळपट मांस, फुगलेल्या शिरा, आणि तो वास. माझ्यासारखीलाही कळावा असा. दुसरी उचलली, तीही तशीच.

थोड्या वेळाने ती आली. मी जी खाली ठेवली होती तीच कोंबडी तिने उचलली, नाकाशी नेली. म्हणाली, "चांगलं शे बाई. करा सही."

मी पेन तिच्यापुढे धरलं. म्हटलं, सिस्टर, आज तुम्ही करा.

ती पेनाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चष्मा घरी राही गया." चष्मा तिच्या डोक्यावर होता.

दुकानाबाहेर तिने सगळं सांगितलं. पोरगा पोल्ट्रीत सुपरवायझर झाला, तेव्हापासून हे चालू होतं. म्हणजे वर्ष होऊन गेलं. "पोरगा त्यासना शेडमा शे, बाई. मी काय करू?" मी पेनाला टोपण लावलं. ते तिला झोंबलं असावं. म्हणाली, "तुम्ही तं खातस बी नही. तुमले काय फरक पडस?" केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. पोराचं मी समजून घेतलं असतं. पण मला कळणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं आणि त्याच्याच भरवशावर तिने रोज सकाळी माझ्या हातात पेन दिलं. वासावरून ओळखायला शिकवणारीही तीच.

मी स्वतःच तक्रार केली. चौकशी लागली. चौकशीला आलेल्या साहेबांनी आम्हा दोघींना बोलावून सगळ्या चिठ्ठ्यांच्या प्रती टेबलावर मांडल्या. हिरव्या कागदांचा गठ्ठा, आणि प्रत्येकावर माझं वळणदार नाव. त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही मांसाहार करता?" म्हटलं, नाही. "मग माल चांगला आहे हे कशावरून ठरवलंत?"

मी शेजारी बसलेल्या सिस्टरकडे पाहिलं. सभेत मी अडखळले की हीच उठून बोलायची. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "साहेब, बाई शिकेल शे. त्यासलेच इचारा."

तिने जबाब लिहून दिला: "मी आजवर एकाही चिठ्ठीवर सही केलेली नाही." मी तो दोनदा वाचला. शिक्षिकेची खोड, चूक शोधायची. एक शब्दही खोटा नव्हता. मी माझ्या जबाबात तिचं नाव लिहिलं, पण नाव लिहून काय होणार? पुरावा माझ्याच अक्षरात होता. समितीतून मला काढलं. टेम्पो महिनाभर बंद राहिला, मग पुन्हा दिसू लागला. सिस्टर बाजारात समोरून आली की रस्ता बदलते. कधी कधी मीच आधी बदलते, कारण तिला बघितलं की अजूनही आधी बोलावंसं वाटतं आणि मग स्वतःचाच संताप येतो.

धुणीभांडी करणारी बाई अजून येते. परवा नातवाच्या कसल्याशा अर्जाचा कागद घेऊन आली. मी चष्मा लावून सगळा नीट भरून दिला. खाली ओळखीच्या व्यक्तीच्या सहीची जागा होती. मी पेन टेकवणार तोच तिने हळूच कागद ओढून घेतला आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई, सही मी दुसराकडथून लिसू."