मावशीचा पाय पुढे गेला

माझी मावशी शिंपीण होती, आणि तिच्याइतकी प्रामाणिक शिंपीण मी दुसरी पाहिली नाही. हे मी कौतुकाने म्हणतोय असं समजू नका. तिच्या प्रामाणिकपणाने घरच्यांचा जीव नकोसा व्हायचा. गिऱ्हाइकाच्या कापडातून उरलेली प्रत्येक कतरण, अगदी बोटाएवढीसुद्धा, पुडीत बांधून कपड्याबरोबर परत जायची. एकदा एका मास्तरीणबाईंचा झगा पोचवून मी नुकताच घरी आलो होतो, तर मावशीने मला पुन्हा पिटाळलं, कारण मशीनखाली बाहीचा तुकडा सापडला होता. बाईंनी तो माझ्यादेखत कचऱ्यात टाकला. हे मी मावशीला कधीच सांगितलं नाही.

"मोजून घेतलं, मोजून द्यायचं," ती म्हणायची. यापुढे तिच्याशी वाद घालायची सोय नव्हती.

रस्त्याकडच्या खोलीत खिडकीशी तिचं पायमशीन होतं, भिंतीवर क्रूस आणि त्याखाली काकांचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, फोटो. काका घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांना जाऊन तेव्हा अठरा वर्षं झाली होती. आमच्या कबरस्तानात जागा अपुरी, म्हणून काही वर्षांनी कबर उघडून अस्थी लहान पेटीत भरतात, पेटी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि पुढे नावाची पाटी लावतात. मावशी दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की त्या पाटीपुढे फुलं ठेवून काकांना आठवड्याभराच्या बातम्या सांगायची. तिच्या लेखी काका संपलेले नव्हते, वाट बघत थांबलेले होते. जगाच्या शेवटच्या दिवशी देव हाक मारणार आणि माणसं आपापल्या देहानिशी उठणार, हे तिला उद्या दूधवाला येणार इतकं पक्कं ठाऊक होतं.

आणि नेमकं त्यामुळेच सगळं अडलं.

मधुमेहाने तिचा डावा पाय घोट्यापर्यंत काळा पडला. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की आठवड्याच्या आत गुडघ्याखाली पाय कापला नाही, तर विष अंगात भिनेल आणि बाई वाचणार नाहीत. मावशीने कागदावर सही करायला साफ नकार दिला.

"देवाने मला पुरं कापड दिलं," ती म्हणाली. "आता तुकडा कमी करून कसं परत देऊ? आणि तुझे काका दोन पायांवर उठतील, मी काय लंगडी घालत जाऊ त्यांच्यामागे?"

मी समजावलं, विनवलं, एकदा तर ओरडलो. पालथ्या घड्यावर पाणी. मग फादर आले. भला माणूस. त्यांनी दाण्याचं सांगितलं, की दाणा मातीत कुजतो आणि उगवतं ते दाण्याहून कितीतरी सुंदर असतं, तसाच देव आपल्याला नवं, अखंड शरीर देईल. मावशीने सगळं ऐकून घेतलं, त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "फादर, हे शेतकऱ्यांना पटेल. मी कापडातली आहे."

फादर चहा पिऊन गेले. पाय आणखी दोन बोटं काळा झाला.

चौथ्या दिवशी कबरवाले आले. कबरी खोदणं आणि उघडणं हेच त्यांचं काम, त्यामुळे त्यांचं नाव कुणी घेत नसे. काकांचे जुने दोस्त म्हणून मावशी त्यांना भाऊजी म्हणायची. ते स्टुलावर बसले आणि टोपी काढून हातात घेतली.

"वहिनी, एक चूक कबूल करायचीय," ते म्हणाले. "अकरा वर्षं पोटात ठेवलीय."

काकांची कबर उघडली त्याच दिवशी त्यांनी शेजारच्या बेकरीवाल्याचीही उघडली होती. दोन्ही पेट्या भरून टेबलावर ठेवल्या, नावं लिहायची राहिली, आणि ते जेवायला गेले. परत आले तर कुठली पेटी कुणाची ते काही केल्या आठवेना. शेवटी अंदाजाने पाट्या लावल्या.

आता हा बेकरीवाला म्हणजे काकांचा वैरी. भट्टीच्या धुरावरून दोघं वीस वर्षं भांडले होते आणि मेले तेही एकमेकांशी न बोलता. मला वाटलं, मावशी आता मशीनवरची कात्री उचलते.

"म्हणजे अकरा वर्षं मी त्या बेकरीवाल्याला घरातल्या बातम्या सांगतेय?" मावशीने विचारलं.

"निम्मी शक्यता आहे," कबरवाले खाली बघत म्हणाले.

"मग देव ह्यांना शोधणार कसा?"

"ज्याने घडवलं त्याला माझी पाटी लागते होय, वहिनी? मी चाळीस वर्षं कबरी उघडतोय. पुरं असं कुणाचंच उरत नाही. तुम्ही दोन पायांनी गेलात तरी मला पुढे काय सापडणार, ते मला माहीत आहे. आपण परत देऊ म्हटलं तरी आपल्याकडे असतं काय? द्यायचं ते त्यानेच. आपण फक्त घ्यायचं."

"पण तुमचा विश्वास आहे? उठतील सगळे?"

"नसता तर हे काम कधीच सोडलं असतं. माझी आई मी माझ्या हातांनी मातीत ठेवलीय."

मावशीने काकांच्या फोटोकडे पाहिलं. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय, पण ती हसत होती. "डोळे उघडतील तर शेजारी तो," ती कसंबसं म्हणाली, "आणि स्वर्गात भांडायचीही सोय नाही." मग मात्र ती खरंच रडली, आणि डोळे पुसून मला म्हणाली, "पेन आण."

सही केली तरी तिने पाय दवाखान्याच्या भट्टीत जाऊ दिला नाही. देव नवा देईल हे खरं, पण म्हणून जुना टाकून द्यायचा का, असं तिचं म्हणणं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी टेप लावून तिने स्वतःच्या पायाचं माप घेतलं आणि पांढऱ्या साटीनची पिशवी शिवली. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी ती पिशवी बघून मला तीनदा विचारलं, की ही नक्की कशासाठी. कबरवाल्यांनी लहानसा खड्डा खोदला, फादरांनी प्रार्थना म्हटली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा एका पायाच्या अंत्यविधीला उभा राहिलो. मला हसू येईल अशी धास्ती होती, पण आलं नाही.

मावशी त्यानंतर नऊ वर्षं जगली. मशीनला मोटर बसवली, कुबडीवर मिस्सेला जात राहिली, आणि रविवारी दोन कोनाड्यांपुढे फुलं ठेवू लागली. बेकरीवाल्यालाही बातम्या मिळायच्या, जरा आखडून का होईना.

शेवटच्या आजारात ती अगदी वाळून गेली होती. मी उशाशी बसलो होतो. मला राहवलं नाही. विचारलं, "मावशी, भीती वाटते का गं?"

"कसली?" ती म्हणाली. "एक पाय तर आधीच पुढे टाकलाय. आता दुसरा टाकायचा, एवढंच."

दोन दिवसांनी ती गेली. आम्ही तिला तिच्या पायाशेजारीच ठेवलं. विश्वासाच्या बाबतीत मी तसा कच्चा माणूस. त्या दिवशी मी पोटभर रडलो, पण ती कायमची गेली असं मला एकदाही वाटलं नाही.