वहीतली खाडाखोड

नववीतली माझी मुलगी मुक्ता, तिची गणिताची वही टेबलावर उघडी राहिली होती. पाहतो तर काल मी ऐटीत सोडवून दिलेली पाचही उत्तरं खोडून तिने शेजारी बरोबर उत्तरं लिहिली होती.

तिची आई जाऊन पाच महिने झाले आणि गणिताची शिकवणी माझ्याकडे आली. शाळेत मला गणितात ढकलत ढकलत वर नेलं होतं, हे मी घरात कधी फुटू दिलं नव्हतं. काल असमानता होत्या. उणे दोन एक्स सहापेक्षा मोठं. "म्हणजे एक्स उणे तीनपेक्षा मोठा, सोपं तर आहे!" मी म्हणालो. "हो बाबा," म्हणत तिने लिहून घेतलं. मी वर शाबासकी म्हणून चहा मागितला.

वहीचं मागचं पान उलटलं. तिथे तिच्या आईच्या अक्षरात होतं: 'उणे संख्येने भागलं की चिन्ह उलटायचं.' खाली दोन ठळक रेघा. तेवढ्यात मुक्ता आली.

"तुला येत होतं, मग मला कशाला विचारलंस गं?"

"तू संध्याकाळी नुसता भिंतीकडे बघत बसतोस, बाबा."

घरातलं एक माणूस गेलं की उरलेली दोघं एकमेकांसमोर आपण बरे आहोत असं दाखवत राहतात. माझं सोंग उत्तम वठलंय अशी माझी समजूत होती.

मी खुर्ची ओढली. "आज कुठलं गणित?"

तिने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. "पेन्सिल घे. खोडायला बरी पडते."