फिकी रेघ

दुकानांतली बिलं, दवाखान्यातले ईसीजी छापणाऱ्या यंत्रांची हेडं, म्हणजे छापणारे भाग, दुरुस्त करायचे, म्हणून सगळे त्यांना हेडमास्तर म्हणत. या यंत्रांत शाई नसते. तापलेलं हेडच खास कागदावर रेघ उमटवतं. उष्णता जास्त झाली तर हेड लवकर जळतं, कमी पडली तर छपाई फिकी येते. मास्तर ती मुद्दाम जरा कमीच ठेवायचे. “वाचता येतंय ना? मग झालं. हेड दुप्पट टिकतं,” असं वर ऐकवायचे. बायको म्हणायची, “चहासुद्धा कोमटच लागतो हो यांना!”

ती गेली त्या दुपारी तिचा शेवटचा ईसीजी निघाला, तोही मास्तरांनीच लावून दिलेल्या मशीनवर. नर्सकडून ती पट्टी मागून घेऊन त्यांनी तिच्या शालीच्या घडीत जपून ठेवली.

दोन वर्षांनी मुलगी आली तेव्हा त्यांनी घडी उलगडली. तिने कागद उजेडात धरला, उलटून पाहिला.

“बाबा, हा कोराच आहे की.”

मुळात फिकी असलेली रेघ पार उडून गेली होती. आईच्या हृदयाचे ते शेवटचे ठोके बापलेकीने शोध शोध शोधले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मास्तर दवाखान्यात गेले आणि त्यांनी मशीनची उष्णता वाढवली.

“अहो मास्तर, हेड जळेल म्हणून तुम्हीच ओरडायचात ना?” नर्स म्हणाली.

“जळू दे. मी बदलून देईन.”

चाचणीची पट्टी बाहेर आली. मशीनला कोणीच जोडलेलं नव्हतं. काळीभोर, ठसठशीत, सरळ रेघ. मास्तर तिच्यावरून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिले.