उन्चीचं कासव

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. प्रकाशला नाही, बहिणीला नाही. सांगायला बसले की भलतंच काहीतरी सांगत सुटते. रियाधच्या उन्हाचं, तिथे बायकांना गाडी चालवायची बंदी होती त्याचं, आम्ही राहायचो त्या परदेशी लोकांच्या वसाहतीतून, कंपाऊंडमधून, बाजारात नेणाऱ्या बसचं. ऐकणारा हसतो, मीही हसते, आणि जे सांगायचं ते राहून जातं. आज तसं होऊ द्यायचं नाही असं ठरवून बसलेय. पण हे बघा ना, इतक्यातच दोनदा उठून पाणी पिऊन आले.

वीसेक वर्षं झाली. प्रकाश रियाधच्या ओलाया भागातल्या एका कंपनीत इंजिनिअर होता. मी नाशिकला कॉम्प्युटर शिकवायचे. चांगलं शिकवायचे, हे आपलं मीच म्हणते. रियाधला गेले आणि इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, शिक्का बसला, नोकरीची परवानगी नाही. लेक शाळेत गेली की मी घरात एकटी. एसीचा आवाज, मी आणि फोनच्या वायरीतून रखडत येणारं इंटरनेट. भांडी चकचकीत घासायची, मग पुन्हा घासायची. आपण कुणाच्या उपयोगाचे उरलो नाही, हे तुम्हाला कधी असं अंगभर टोचलंय का? मला टोचायचं. हे कारण म्हणून सांगत नाही. नुसतं सांगतेय.

मग डार्लीन भेटली. आमच्या कंपाऊंडमधले काही व्हिला एका हॉस्पिटलने नर्सेससाठी घेतले होते, त्यातल्या एकात ती राहायची. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, रुंद चेहऱ्याची, हसताना खांदे हलवणारी. अमेरिकन म्हणून ओळख झाली, पण ती स्वतःला आधी लाकोटा म्हणायची. शाळेच्या पुस्तकात आपण ज्यांना रेड इंडियन म्हणायचो, त्यांच्यातली. तिचं घर साउथ डकोटात, रिझर्व्हेशनवर. मी पहिल्यांदा तो शब्द ऐकला तेव्हा म्हटलं, "अरे वा, म्हणजे नोकरीत राखीव जागा?" ती पोट धरून हसली. "नाही गं. सगळी जमीन आमची होती. त्यातला एक तुकडा आमच्यासाठी राखून ठेवला, म्हणून रिझर्व्हेशन." हसत हसतच बोलली.

तिची आई आणि दोन मावश्या मण्यांचं काम करायच्या. मोहरीहून बारीक काचमणी, हरणाच्या धुरावलेल्या कातड्यावर ओळीने टाचलेले. पदकं, केसांच्या क्लिपा, छोटे बटवे. आईला घरातले सगळे 'उन्ची' म्हणायचे, उन्ची म्हणजे आजी. तिकडच्या हिवाळ्यात घर गरम ठेवायचं तर सिलिंडर लागायचे, आणि ते भरायला या वस्तूंचाच आधार. तिथले दुकानदार पाडून भाव द्यायचे. डार्लीन सुट्टीवरून येताना बॅग भरून वस्तू आणायची आणि हॉस्पिटलमध्ये खपवायची.

"याची वेबसाइट करू या," मी म्हटलं. माझीच कल्पना. रियाध, जेद्दा, दम्माम — सगळीकडे गोऱ्यांची कंपाऊंडं होती, वेगळं काही घ्यायला आसुसलेली. मी पानं बनवली, फोटो काढले, उन्चीविषयी चार ओळी लिहिल्या. ऑर्डर मेलवर यायची, वस्तू कुरियरने किंवा कुणाच्या ड्रायव्हरबरोबर जायची, पैसे डार्लीन घरी पाठवायची. माल माझ्याकडे असायचा, खजुराच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात. डार्लीनच्या ड्युट्या वेड्यावाकड्या, त्यामुळे दुकान खरं तर मीच चालवत होते. काय सुख होतं ते! सकाळी उठून आधी मेल बघायची. कुणीतरी मला काहीतरी विचारतंय, कुणीतरी माझी वाट बघतंय.

सगळ्यात जास्त खपायचं ते कासव. तळहातात मावेल एवढं, पोटात भुसा भरलेलं, पाठीवर मण्यांची नक्षी. त्यांच्याकडे मूल जन्मलं की बाळाची वाळलेली नाळ आजी अशा कासवात शिवून ठेवते. म्हणजे ते मूल कुठेही गेलं तरी आपल्या माणसांचं राहतं, डार्लीन सांगायची. विकायची कासवं वेगळी, नुसत्या शोभेची. घरातल्या बाळासाठी उन्ची मुद्दाम एक वेगळं करायची, त्याला कुणी हात लावायचा नाही.

एका हिवाळ्यात पार्सलं थांबली. उन्ची आजारी होती, बोटं सुजली होती, सुई धरवत नव्हती. डब्यातली कासवं संपली. आणि जेद्दाहून एका शाळामास्तरणीची मेल आली — मैत्रिणीच्या बाळासाठी एक हवंय, तुमच्याकडचंच हवंय.

नाही म्हणता आलं असतं. 'सध्या शिल्लक नाही' एवढंच तर लिहायचं होतं, त्याला किती वेळ लागतो?

मला मण्यांचं काम येतं. लहानपणी आत्याने शिकवलं होतं. रुखवतातली तोरणं, कलशाची जाळी, मण्यांचा पोपट, आमच्या नात्यातल्या कितीतरी लग्नांत माझ्या हातचं गेलंय. उन्चीचे टाके मी इतक्यांदा निरखले होते की डोळे मिटून सांगू शकले असते. रियाधच्या जुन्या बथा बाजारातून मणी आणले. कातडं कुठून आणायचं? प्रकाशचं गाडी पुसायचं मऊ कातडं होतं, ते कापलं. दुसऱ्या दिवशी तो घरभर शोधत होता. "अगं, गाडीचं फडकं कुठे गेलं?" मी म्हटलं, "मला काय माहीत."

आणि इथे मला थांबावंसं वाटतंय. कारण इथपर्यंतचं तुम्ही समजून घ्याल. एका अडलेल्या गिऱ्हाइकासाठी केलं, पैसे तर त्यांच्याच घरी गेले. मीही मनाशी हेच म्हणत होते. पण माझं कातडं नवं वाटत होतं, त्याला उन्चीच्या वस्तूंचा तो धुराचा वास नव्हता. म्हणून मी मागच्या अंगणात बखूर, म्हणजे तिकडचा धूप, जाळायच्या मातीच्या भांड्यात निखारे घेतले, वर ओला भुसा टाकला आणि ते कातडं धुरावर धरलं. सारखी वास घेत होते. जमेपर्यंत. असं करणारी बाई चुकून काही करत नसते.

मास्तरणीचं उत्तर आलं. त्या आजींना सांगा, त्यांच्या हातात जादू आहे. मी ते किती वेळा वाचलं! आजींना सांगायचं कशाला? त्या हाताची बोटं त्या क्षणी कीबोर्डवरच होती. मग दुसरं केलं, तिसरं केलं. ऑर्डर नसतानाही करून त्याच डब्यात ठेवायला लागले. खरं सांगू? माझं जास्त सुबक आहे असंही मला वाटायला लागलं होतं. एका म्हाताऱ्या, आजारी बाईशी मी मनातल्या मनात स्पर्धा करत होते, आणि तिच्याच नावावर जिंकत होते.

हिवाळा सरता सरता उन्ची गेली.

डार्लीनला जायला एक्झिट-रीएंट्रीचा, देशाबाहेर जाऊन परत येण्याच्या परवानगीचा, शिक्का हवा होता, पासपोर्ट हॉस्पिटलच्या ऑफिसात. सही करणारा माणूस सुट्टीवर. दोन दिवस तिला नुसतं बसून राहावं लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्याकडे आली. रडत नव्हती. उभ्या उभ्याच म्हणाली, "मीनल, आईचं काही उरलंय का डब्यात? नुसतं बघायचंय."

मी डबा आणला. विसरले होते, शप्पथ, त्या क्षणी विसरले होते. झाकण उघडलं आणि वरच माझं कासव. निळं-पांढरं, मधे लाल चांदणी.

तिने ते उचललं. उलटसुलट केलं. नाकाशी नेलं, आणि तिचा चेहरा असा काही विरघळला की मला तिकडे बघवेना.

"हे तर मी कधी पाहिलंच नाही," ती म्हणाली. "मीनल, माझी लेक ट्रेसी... तिचे दिवस भरत आलेत. आईने तिला कबूल केलं होतं, तुझ्या बाळाचं कासव मी करणार. मग फोनवर म्हणाली, बोटं चालत नाहीत, नाही जमणार आता." तिने ते गालाला लावलं. "आणि केलंच की तिने. मुकाट्याने केलं आणि पाठवून दिलं. तू मला दाखवलं कसं नाहीस? शेवटच्या पार्सलात होतं ना हे?"

आता बघा. ती विचारत होती. सरळ माझ्याकडे बघून, माझं नाव घेऊन विचारत होती. नुसती गप्प राहिले असते तरी एक वेळ... नाही, तेही नको. मी गप्प राहिले नाही.

मी म्हटलं, "हो. अगदी तळाशी होतं. तुला द्यायचं राहूनच गेलं बघ."

आणि मग म्हटलं, "चहा ठेवू का?"

ती चहा प्यायली. जाताना मला मिठी मारली. तू नसतीस तर हे कुणालातरी विकलं गेलं असतं गं, असं म्हणाली. कासव तिच्या मुठीत होतं, माझ्या पाठीला लागत होतं.

उन्चीला निरोप देऊन महिन्याभरात तिने मेल पाठवली. ट्रेसीला मुलगी झाली, नाव पणजीचंच ठेवलं, एल्सी. सोबत फोटो. पाळण्याच्या दांडीला टांगलेलं ते कासव. खाली लिहिलं होतं, नाळ आत शिवली. प्रकाश मागे उभा राहून फोटो बघत होता, म्हणाला, "गोड आहे पोरगी." मी कॉम्प्युटर बंद केला.

डार्लीन परत आली, पण दुकानात दोघींचंही मन राहिलं नाही. मावश्या थकल्या होत्या. मी पानं काढून टाकली. उरलेलं माझं काम एका पिशवीत बांधून कंपाऊंडच्या कचऱ्यात टाकलं. पुढे ती कायमची घरी गेली, आम्ही नाशिकला आलो. नाताळला शुभेच्छा, दिवाळीला शुभेच्छा, असं चालू राहिलं. दर वेळी वाटायचं, या खेपेला लिहू. मग वाटायचं, आता लिहून काय? कुणाचं भलं होणार आहे? सोयीचा प्रश्न आहे हा. मी तो वर्षानुवर्षं वापरला.

गेल्या वर्षी एल्सीचा मेसेज आला. बाळ एल्सी आता कॉलेजात जाते. आजीकडून माझा नंबर घेतला म्हणाली. ती मणीकाम शिकलीय, रिझर्व्हेशनवरच्या हॉलमध्ये लहान मुलींना शिकवते, आणि मावश्यांच्या लेकीसुनांच्या वस्तू विकायला तिने इंटरनेटवर दुकान उघडलंय. घरात उन्चीच्या हातचं फार काही उरलं नव्हतं, बरंचसं विकलंच गेलेलं. म्हणून ती आपलं कासव समोर ठेवून शिकली. तिने केलेल्या कासवांचे फोटो पाठवले होते. एकेक फोटो मोठा करून बघितला. कडेला दोन मणी सोडून तिसरा वर उचललेला, मग गाठ, पुन्हा दोन मणी.

ती कड आत्याची आहे. आमच्याकडे तोरणाला अशीच कड घालतात.

एल्सीने लिहिलं होतं, तिकडच्या जुन्या बायका ही कड बघून चकित होतात. आमच्यात असं कुणी करत नाही, तुझ्या पणजीने कुठून काढलं, असं विचारतात. आमच्या घराण्याची कड म्हणून मी ती सगळ्या मुलींना शिकवतेय. आजी म्हणते, उन्चीच्या सगळ्यात जास्त वस्तू तुमच्या हातांखालून गेल्या. तुम्हाला आठवतं का, तिच्या सगळ्या कामाला अशीच कड असायची का?

दिवसभर मी घरात फिरत होते. गॅसवर दूध उतू गेलं. फोन उचलला, ठेवला, परत उचलला. एक अख्खा मेसेज लिहिला, सगळं खरं. वाचला. पुसला.

मग लिहिलं, 'हो, बेटा. सगळ्या कामाला असायची.'

तिचं उत्तर लगेच आलं. खूप आभार, आता दुकानाच्या पानावर तसं लिहिते.

लिहिलंय तिने. मी बघितलं.