विहिरीचा हात

आधी इमामचाचांचं नाव घेतो, मग किल्ल्याचं सांगतो. चाचा कळसचे. इंदापूर तालुक्यात दगडी विहिरी बांधण्यात त्यांचा जन्म गेला. एक थर झाला की चपला काढून त्यावरून चालायचे. दगड हलला तर म्हणायचे, "ह्यो बोलतोय. गप बसंल असा बसव." मी आठवीतून शाळा सोडली तेव्हा घरच्यांनी बोलणं टाकलं होतं. चाचांनी कारण विचारलं नाही, ओळंबा हातात दिला. दगडांच्या फटीत कपची मारायची ती मागूनच, हा त्यांचा कायदा. "तोंडाकडनं मारलेली कपची जिभंगत भाईर येती."

आता मी फ्रान्समधल्या एवढ्याशा गावात आहे. पाववाला एक, चर्चची घंटा एक, आणि टेकडीवर पडका किल्ला, आत गुडघाभर गवत. त्याच्या डागडुजीला बारामतीच्या ठेकेदारानं आम्हा चौघा गवंड्यांना आणलं. आधी प्रत्येकानं चार हात भिंत रचून दाखवायची. हात पटला नाही तो परत.

मी नेहमीसारखी नजरेनंच रचली. तिथल्या फ्रेंच मुकादमानं दोरी धरली तर मधोमध चार बोटांचा बाक. जन्मभर विहिरीच बांधलेल्या, हात आपसूक गोलाईत वळला होता. सोबतचे म्हणाले, दत्ता इथं विहीर काढायला आलाय. कुठल्या तोंडानं परत जायचं?

जेवणाच्या सुट्टीत चाचांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी फोन भिंतीवरून सावकाश फिरवायला लावला. कपच्या मागून मारल्यात ना, एवढंच विचारलं. मग म्हणाले, "हात वाकडा न्हाय तुझा, हिरीचा हाय. तितं गोल काय पडलंय का, बघ की."

पडलं होतं. कोपऱ्यातला बुरूज अर्धा ढासळलेला. आतून विहिरीसारखाच, फक्त जमिनीच्या वर. मुकादमाला हाताला धरून नेलं. बुरुजाच्या बाकावरून बोट फिरवलं, मग माझ्या भिंतीच्या. त्यानं माझ्या भिंतीवर चढून बुटांचे दोन दणके दिले. एकही दगड बोलला नाही.

बुरूज आता माझ्याकडे आहे. थर झाला की मी बूट काढून त्यावरून चालतो, इथल्या मेयर, म्हणजे गावच्या सरपंचबाई, खालून हसतात.

चाचांचे गुडघे गेलेत. त्यांच्याच विहिरीची पूर्वेची बाजू खचलीय, आणि दुसऱ्या कुणाला ते हात लावू देत नाहीत. चाचा, हा बुरूज पुरा झाला की मी येतो. ती बाजू मी बांधीन, कपच्या मागून मारीन. तुम्ही काठावर बसा आणि शिव्या द्या.